डेबियन सर्व्हरवर ‘अपग्रेड’ द्यावं की ‘डिस्ट-अपग्रेड’?

प्रश्न
डेबियन १२ (लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम) चा सर्व्हर आहे, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस चालतो. पॅकेजं (सॉफ्टवेअरचे संच) नवी करायला दर आठवड्याला ‘ॲप्ट-गेट अपडेट’ आणि मग ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ देतो. हल्ली ‘लिनक्स-इमेज-एएमडी६४’ हे कर्नलचं (सिस्टिमच्या गाभ्याचं) पॅकेज दर वेळी ‘केप्ट बॅक’च्या, म्हणजे मागे ठेवलेल्यांच्या, यादीत अडकून राहतं. ‘डिस्ट-अपग्रेड’ देऊ का? त्याने थेट डेबियन १३ तर येणार नाही ना?

उत्तर १
नाही येणार. नावामुळे बऱ्याच जणांची फसगत होते. कुठली आवृत्ती येणार ते सोर्सेसच्या यादीवर (पॅकेजं कुठून आणायची त्या फाइलवर) ठरतं, कमांडवर नाही. तिथे ‘बुकवर्म’ (१२ चं नाव) लिहिलंय तोवर तुम्ही १२ वरच. पण ‘स्टेबल’ लिहिलं असेल तर आधी ते बदला: ऑगस्ट २०२५ पासून ‘स्टेबल’ म्हणजे १३, अर्थात ‘ट्रिक्सी’.

आता मूळ मुद्दा. ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ नवं पॅकेज आणत नाही आणि असलेलं काढतही नाही. ‘ॲप्ट अपग्रेड’ गरज पडली तर नवं आणतं, पण काढत नाही. ‘फुल-अपग्रेड’ आणि ‘डिस्ट-अपग्रेड’ एकच. त्यांना काढायचीही मुभा असते. तुमचं अडकलेलं पॅकेज नुसतं मेटापॅकेज आहे, म्हणजे खऱ्या पॅकेजाकडे बोट दाखवणारं. खरा कर्नल बहुतेक वेळा नव्या नावाच्या पॅकेजात येतो, आणि ते आणायची ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ला परवानगीच नाही. म्हणजे कर्नलच्या सुरक्षा-दुरुस्त्या तुमच्यापर्यंत पोचतच नाहीयेत, हे गंभीर आहे. ‘ॲप्ट अपग्रेड’ द्या, भागेल. स्क्रिप्टमध्ये ‘ॲप्ट-गेट’च ठेवायचं असेल तर ‘--विथ-न्यू-पीकेजीएस’ जोडा.

उत्तर २
आणि कधी ‘डिस्ट-अपग्रेड’ लागलंच, तर आधी ‘ॲप्ट-गेट -एस डिस्ट-अपग्रेड’ चालवा. ‘-एस’ म्हणजे नुसती रंगीत तालीम, डिस्कवर काही बदलत नाही. आउटपुटमध्ये ‘इन्स्ट’ आणि ‘कॉन्फ’ने सुरू होणाऱ्या ओळी दिसतील. नजर ठेवायची ती ‘रेम्व्ह’च्या, म्हणजे काय काढलं जाणार ते सांगणाऱ्या ओळींवर. तिथे पोस्टग्रेसचं नाव दिसलं की थांबा. बहुतेक वेळा बाहेरची एखादी रेपॉझिटरी (पॅकेजांचा साठा) आड येत असते. ‘-वाय’ (सगळ्याला आपोआप ‘हो’) लावून डोळे मिटून चालवू नका, ही कळकळीची विनंती.

एसएसएचवरून (दुरून जोडून) करत असाल तर टीमक्समध्येच करा, लाइन तुटली तरी त्यातलं काम चालू राहतं. त्याशिवाय मध्येच लाइन तुटली तर डीपीकेजीचं (पॅकेजं प्रत्यक्ष बसवणाऱ्या प्रोग्रामचं) काम अर्धवट राहतं. मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ देऊन ते पुरं करावं लागतं. शिवाय ‘/बूट’ वेगळं पार्टिशन असेल तर ‘डीएफ -एच /बूट’ने जागा बघून घ्या. ते भरलं की इनिटरॅमएफएस (सिस्टिम सुरू होताना लागणारी फाइल) लिहिताना सगळं अडतं.

प्रश्नकर्ता
‘ॲप्ट अपग्रेड’ दिलं. एक नवं पॅकेज आलं, काढलेली शून्य. पण ‘युनेम -आर’ अजून जुनाच कर्नल दाखवतंय.

उत्तर १
रीबूट केल्याशिवाय नवा कर्नल लागू होत नाही. रीबूट करा, पोस्टग्रेस नीट उठलंय याची खात्री करा, आणि मगच ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ (गरज संपलेली पॅकेजं काढणारी कमांड). तोवर जुना कर्नल राहू द्या. नवा चढला नाही तर ग्रबच्या (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) मेन्यूतून त्याच्यावर परतता येतं.

उत्तर ३
उबुंटूवाल्यांसाठी: तिथे पॅकेज मागे राहण्याचं आणखी एक कारण असतं, टप्प्याटप्प्याने येणारे अपडेट. ते ‘फुल-अपग्रेड’नेही येत नाहीत आणि ओढून आणायचे नसतात, काही दिवसांत आपोआप येतात. नाव देऊन ‘ॲप्ट इन्स्टॉल’ केलं तर ते पॅकेज ‘मॅन्युअल’ म्हणून नोंदलं जातं आणि पुढे गरज संपली तरी ‘ऑटोरिमूव्ह’ त्याला हात लावत नाही. आधीच केलं असेल तर ‘ॲप्ट-मार्क ऑटो’ आणि पुढे पॅकेजचं नाव द्या.