प्रतिसाद: पाटीवरच्या पदव्यांत काय बघायचं
वडिलांच्या मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशनसाठी सर्जन निवडताना पाटीवरच्या पदव्यांत काय बघायचं, असं तुम्ही विचारलंय. आधी न्यूरोसर्जरीतलं (मेंदू-मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रियेतलं) एम.सीएच. शोधा, म्हणजे एम.एस.च्याही वरची सुपरस्पेशालिटी पदवी. एम.बी.बी.एस. इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं, मग एम.एस. (सर्जरीतली पदव्युत्तर पदवी) ३, त्यावर एम.सीएच. आणखी ३, मधली प्रवेशपरीक्षांची वर्षं वेगळीच! एम.बी.बी.एस.नंतर थेट ६ वर्षांचं डीआरएनबीसुद्धा (नॅशनल बोर्डाची एम.सीएच.च्या तोडीची पदवी) असतं, ते अजिबात कमी समजू नका.

'फेलोशिप' (पदवीनंतरचं जादा प्रशिक्षण) शब्दाला मात्र भुलू नका. काही वर्षभराच्या असतात, काही जेमतेम काही आठवड्यांच्या. कुठे, किती काळ केली, हे विचाराच.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का आणि तिथे एम.सीएच. किंवा डीआरएनबी ही पदवीही नोंदवलेली आहे का, तेही तपासा. अशा गाठीची ऑपरेशनं नेहमी करता का, असं विचारायला अजिबात संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.