हायपरकार्ड 2.1 : गुणांच्या जागी ‘स्कोअर’ हा शब्दच उमटतो, मदत हवी आहे

माझ्या मावशीने न्यू जर्सीत शिकवत असताना मुलांसाठी पक्षी ओळखण्याचा एक हायपरकार्ड स्टॅक (जुन्या मॅक संगणकावरच्या हायपरकार्ड या प्रोग्राममधला कार्डांचा संच) तयार केला होता. त्या फ्लॉपीची डिस्क इमेज मी नुकतीच करून घेतली असून, बॅसिलिस्क टू या एम्युलेटरवर (जुन्या मॅकची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) सिस्टिम 7 या मॅकच्या जुन्या कार्यप्रणालीमध्ये तो स्टॅक विनातक्रार चालतो. युजरलेव्हल 5 (स्क्रिप्ट लिहू देणारी पातळी) करून मी त्यात गुण मोजण्याची सोय जोडायला गेलो आणि तिथेच अडकलो.

बरोबर उत्तराच्या प्रत्येक बटणात ही स्क्रिप्ट आहे :

ऑन माउसअप
ग्लोबल स्कोअर
ॲड 1 टू स्कोअर
एंड माउसअप

शेवटच्या कार्डावर गुण दाखवण्यासाठी एक नवे फील्ड (मजकुराची चौकट) काढले आणि त्या कार्डाच्या स्क्रिप्टमध्ये लिहिले :

ऑन ओपनकार्ड
पुट स्कोअर इनटू फील्ड 1
एंड ओपनकार्ड

चाचणीपूर्वी मी मेसेज बॉक्समधून (थेट आज्ञा टंकण्याच्या खिडकीतून) स्कोअरमध्ये 0 भरतो. सात उत्तरे बरोबर दिल्यावर मेसेज बॉक्समध्ये ‘स्कोअर’ टंकले, तर 7 हेच उत्तर मिळते. मात्र शेवटच्या कार्डावर गेल्यावर माझे नवे फील्ड रिकामेच राहते आणि वरच्या पक्ष्याच्या नावाच्या जागी ‘स्कोअर’ हा शब्द येतो. चूक झाल्याची सूचना एकही दिसत नाही, त्यामुळे शोध कुठून घ्यावा हेच कळेनासे झाले आहे.

प्रतिसाद :

आपल्याकडून दोन चुका एकाच ओळीत झाल्या आहेत. हायपरटॉकमध्ये (हायपरकार्डच्या स्क्रिप्टच्या भाषेत) ग्लोबलची, म्हणजे सगळ्या स्क्रिप्टना सामायिक असलेल्या चलाची, घोषणा ज्या हँडलरमध्ये (‘ऑन’ ते ‘एंड’ एवढ्या भागात) केली, तेवढ्यापुरतीच लागू होते. ओपनकार्डमध्ये ती नसल्याने तिथला ‘स्कोअर’ हा वेगळा, स्थानिक आणि कधीही किंमत न दिलेला चल ठरतो, आणि अशा चलाची किंमत म्हणून हायपरटॉक त्याचे नावच पुढे करते. मेसेज बॉक्समधले चल मात्र आपोआप ग्लोबल असतात, म्हणून तिथली तपासणी आपल्याला चकवत राहिली.

दुसरे म्हणजे, नुसते ‘फील्ड 1’ म्हटले की हायपरकार्ड बॅकग्राउंडवरचे (अनेक कार्डांना सामायिक असलेल्या थरावरचे) फील्ड धरते, आणि नुसते ‘बटण 1’ म्हटले की कार्डावरचे बटण. (हा उलटसुलट नियम मला आजही पटलेला नाही.) तेव्हा पहिल्या ओळीत ‘ग्लोबल स्कोअर’ घालून पुढे ‘पुट स्कोअर इनटू कार्ड फील्ड 1’ असे लिहावे. स्टॅकच्या स्क्रिप्टमध्ये ऑन ओपनस्टॅक हा स्टॅक उघडताच चालणारा हँडलर लिहून तिथेही ग्लोबलची घोषणा करावी व स्कोअरमध्ये 0 भरावे. एरवी हायपरकार्ड बंद करेपर्यंत आधीच्या खेळाडूचे गुण तसेच शिल्लक राहतात.

आणखी एक, आणि हे अधिक तातडीचे आहे : हायपरकार्ड बदल विचारल्याशिवाय जतन करते. पुसले गेलेले पक्ष्याचे नाव आता या स्टॅकमध्ये परत मिळणार नाही. यापुढे ‘सेव्ह अ कॉपी’ करून प्रतीवरच काम करावे.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. दोन्ही दुरुस्त्या केल्यावर 7 योग्य जागी दिसू लागले. सुदैवाने मूळ डिस्क इमेजची एक प्रत वेगळी ठेवलेली होती. तिच्यात पाहिले तर पुसलेले नाव ‘बार्न आउल’ निघाले, आणि ते मी प्रतीत पुन्हा टंकले आहे.