बार्सिलोना महापालिका: पहिला आलेला महापौर का झाला नाही? आणि आपल्याला मत आहे का?

ऋतुगंधा:

नमस्कार. बार्सिलोनात येऊन पावणेदोन वर्षं झाली. मी आणि नवरा दोघंही पोब्लेनोउमध्ये नोकरी करतो, राहतो सान्समध्ये. ऑफिसात जेवताना इथल्या महापालिकेचा विषय निघाला. एक सहकारी तावातावाने म्हणाला, "2023 मध्ये आम्ही एकाला निवडून दिलं आणि खुर्चीवर दुसराच बसला." दुसरी म्हणाली, असं काही नाही, सगळं कायद्याने झालं. मला दोघांचंही अर्धंच कळलं, कारण वाद रंगला की ते कातालानमध्ये शिरतात.

तर तीन प्रश्न. खरंच पहिला आलेला उमेदवार महापौर झाला नाही का? पुढच्या निवडणुकीत भारतीय पासपोर्टवर आम्हाला मत देता येईल का? आणि महापालिकेकडून 'पाद्रोनचं (रहिवासी नोंदवहीतल्या नावाचं) नूतनीकरण करा' असं पत्र आलंय, त्याचा मतदारयादीशी काही संबंध आहे का? घरमालक पाद्रोनचं नाव काढलं की टाळाटाळ करतो. पहिल्या वेळीही त्याने दोन महिने लावले होते.

दादरकर:

मी तिकडे राहत नाही, पण पहिल्या प्रश्नात नवल वाटण्यासारखं काही नाही. आपल्याकडेही महापौर लोक निवडत नाहीत, नगरसेवक निवडतात. 2017ला मुंबईत 227 जागांपैकी शिवसेनेच्या 84 आणि भाजपच्या 82 आल्या. बहुमताला 114 हवेत, म्हणजे कोणाकडेच नव्हतं. शेवटी भाजपने उमेदवारच दिला नाही म्हणून सेनेचा महापौर बसला. थेट लोकांतून निवडून येतो तो नगरपालिकेचा नगराध्यक्ष, तोही कायदा बदलेल तसा.

माणदेशी_मुलगी:

ऋतुगंधा, मी 2009 पासून इथे आहे, सान्त आंद्रेउमध्ये राहते. 2022 ला स्पॅनिश नागरिकत्व मिळालं आणि 28 मे 2023 च्या त्याच निवडणुकीत मी नुसतं मत दिलं नाही, मतदानाच्या टेबलावर बसले होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे वॉर्ड नाहीत, ही पहिली गोष्ट. सगळं शहर मिळून एकच मतदारसंघ. दहा जिल्हे आहेत, 73 वस्त्या आहेत, पण नगरसेवक कुठल्या एका वस्तीचा नसतो. पक्ष 41 नावांची यादी देतो आणि आपण ती अख्खी यादी उचलून पाकिटात घालतो. आवडत्या नावावर खूण करायची नाही, नावडतं खोडायचं नाही. आमच्या टेबलावर एका यादीवर कुणीतरी पेनने बदाम काढला होता, ते मत बाद झालं. ज्या यादीला 5 टक्के मतं नाहीत तिला काहीच मिळत नाही. बाकीच्यांत 41 जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात, थोडा फायदा मोठ्या पक्षांचा होतो.

2023 ला वाटणी अशी झाली: कातालान राष्ट्रवादी शाविएर त्रियास 11, समाजवादी पक्षाचे झाउमे कोल्बोनी 10, तेव्हाच्या महापौर, डाव्या गटाच्या आदा कोलाउ 9, अर्नेस्त मारागाय यांच्या एस्केर्राला (कातालुन्याच्या स्वातंत्र्याचा डावा पक्ष) 5, पीपीला (उजवा पक्ष) 4, व्हॉक्सला (कडवा उजवा) 2. दुसऱ्या आणि तिसऱ्या यादीत दोनशे मतांचंही अंतर नव्हतं. साडेसोळा लाखांच्या घरात वस्ती असलेल्या शहरात दोनशे! त्या रात्री मी घरी पोचले तरी टीव्हीवर दोघांची नावं वर-खाली होत होती.

आता तुझ्या सहकाऱ्याचा राग. 17 जूनला सान झाउमे चौकातल्या महापालिकेच्या इमारतीत, सालो दे सेन नावाच्या जुन्या दालनात, नव्या सभागृहाची पहिली बैठक झाली. महापौर व्हायला 21 मतं लागतात. त्रियास आणि मारागाय यांचं जमलं होतं, 11 आणि 5 मिळून 16. तेवढ्यावर भागत नव्हतं, पण कायद्यात एक तरतूद आहे: कोणालाच 21 मिळाली नाहीत तर सर्वाधिक मतं मिळालेल्या यादीचा पहिला माणूस आपोआप महापौर होतो. म्हणजे बाकीचे एकत्र आले नसते तर त्रियासच बसले असते. पण कोल्बोनींना स्वतःची 10, कोलाउंच्या गटाची 9 आणि पीपीची 4 अशी 23 मतं पडली. पीपीची अट होती की कोलाउंचा गट सत्तेत नको. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पक्ष एकाच नावाला मत देतील हे त्या दिवशी सकाळपर्यंत पक्कं नव्हतं. त्रियास महापौर व्हायच्या तयारीनेच आले होते, आणि भाषणात त्यांनी सगळ्यांना 'गेलात खड्ड्यात' अशा अर्थाचं सुनावलं.

हे पहिल्यांदाच झालं असंही नाही. 2019 ला मारागाय कोलाउंपेक्षा पाचेक हजार मतांनी पुढे होते, जागा मात्र दोघांच्या दहा-दहा. तेव्हा समाजवाद्यांची 8 आणि मान्युएल वाल्स (हो, फ्रान्सचे माजी पंतप्रधान, तेच इथे उभे होते) यांच्या गटातली 3 मिळून कोलाउंचे बरोब्बर 21 झाले.

मत देण्याबद्दल: नाही, भारतीय पासपोर्टवर देता येत नाही. युरोपीय संघाच्या नागरिकांना महापालिकेत मत आहे. शिवाय ज्या देशांशी स्पेनचा 'तुम्ही आमच्यांना द्या, आम्ही तुमच्यांना देतो' असा करार आहे त्यांना आहे: ब्रिटन, नॉर्वे, कोलंबिया, एक्वादोर, पेरू, दक्षिण कोरिया वगैरे. त्यांनाही काही वर्षांचा अधिकृत वास्तव्याचा पुरावा आणि आधी नाव नोंदवणं लागतं. भारत कुठल्याच परदेशी माणसाला कुठल्याच निवडणुकीत मत देत नाही, तेव्हा करार होणार कसा? नागरिकत्वाचा मार्ग आपल्यासाठी 10 वर्षांचा, लॅटिन अमेरिकनांना 2. वर भाषेची परीक्षा, 25 प्रश्नांची राज्यघटना आणि समाज यांवरची परीक्षा, आणि भारतीय पासपोर्ट परत करणं. तो परत करताना मला जे वाटलं ते इथे लिहिता येणार नाही.

पेठकर:

माणदेशी ताई, माहिती उत्तम. पण मला ऋतुगंधाच्या त्या सहकाऱ्याचं पटतं. 11 वाला घरी आणि 10 वाला खुर्चीत, याला कौल म्हणायचं? आणि टेबलावर बसलात म्हणजे काय, तुम्ही सरकारी नोकरीत आहात?

माणदेशी_मुलगी:

नाही, मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. इथे निवडणुकीला शिक्षक आणि तलाठी जुंपत नाहीत. मतदारयादीतून चिठ्ठ्या काढतात. एका टेबलाला एक अध्यक्ष आणि दोन सदस्य, प्रत्येकाला दोन राखीव. नाव निघालं की पत्र घरी येतं आणि सबळ कारण नसेल तर जावंच लागतं, न जाणं हा गुन्हा आहे. मानधन तेव्हा 70 युरो होतं, दुसऱ्या दिवशी कामावर पाच तासांची सूट.

माझे बाबा नगरपालिकेत कारकून होते. माझ्या लहानपणी ते निवडणुकीच्या ड्यूटीला जायचे, एसटीने, मतपेटी आणि लाखेची कांडी घेऊन, आणि तिसऱ्या दिवशी परत यायचे. सदस्य म्हणून माझं नाव निघालंय हे मी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवणाची सोय काय?" दुसरा, "पेटीला सील कोण करतं?"

सकाळी आठला एका शाळेत पोचलो. अध्यक्ष होता विशीतला एक मुलगा, सुपरमार्केटमध्ये काम करणारा. दुसरी सदस्य निवृत्तीला आलेली बाई, जन्म आंदालुसियातला. तिघांनाही आधीचा काही अनुभव नाही, हातात फक्त एक पुस्तिका. पेटी पारदर्शक असते, ती रिकामी आहे हे आधी सगळ्यांना दिसतं. नऊला दार उघडलं. माणूस ओळखपत्र देतो, आम्ही यादीत नाव शोधून रेघ मारतो, अध्यक्ष मोठ्याने नाव घेतो आणि माणूस पाकीट पेटीत टाकतो. बोटाला शाई नाही. दुपारी एक आजी आल्या, त्यांना यादीत स्वतःचं नाव सापडल्याचं बघायचं होतं. मी रेघ मारली ती ओळ त्यांना दाखवली तेव्हाच हलल्या.

रात्री आठला दार बंद होतं. मग पोस्टाने आलेली पाकिटं पेटीत जातात आणि सगळ्यांत शेवटी टेबलावरची माणसं मत देतात. माझं या देशातलं पहिलं मत, बारा तास दुसऱ्यांची नावं वाचून झाल्यावर. त्या मुलाने माझं नाव तीन वेळा प्रयत्न करून उच्चारलं. नीट येईपर्यंत त्याने पेटीवरचा हात काढला नाही. मला भरून आलं.

मोजणी तिथेच होते. अध्यक्ष एकेक पाकीट फोडतो, यादीचं नाव मोठ्याने वाचतो, पक्षांचे प्रतिनिधी शेजारी उभे असतात, आम्ही रेघा ओढतो. गठ्ठे, बेरीज, तीन सह्या. मग वाद नसलेल्या चिठ्ठ्या तिथेच नष्ट करतात आणि आकड्याचा कागद दारावर लावतात. ती चिठ्ठ्या फाडण्याची गोष्ट बाबांना अजून पटलेली नाही.

आता पेठकर, कौलाचं. मी त्या रेघा स्वतः ओढल्यात म्हणून सांगते. आमच्या टेबलावर दहा माणसांतली दोन-तीन एकेका मोठ्या यादीला होती. शहराचंही तेच: त्रियासना साडेबावीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पाचातल्या जवळपास चार मतदारांनी दुसरी यादी उचलली. मग महापौर होण्यासाठी त्या चारांपैकी काहींना पटवणं भाग आहे, हे मला न्याय्यच वाटतं. मला खटकलं ते वेगळं. 28 मे ते 17 जून हे तीन आठवडे कोण कोणाला मत देणार हे लोकांना सांगितलं गेलं नाही. बंद दाराआड ठरलं आणि दालनात कळलं. आमच्या टेबलाचा आकडा रात्री दारावर लागतो, मग त्यांच्या अटीही दारावर का लावू नयेत?

दादरकर:

ताई, 10 नगरसेवकांवर 41 चं सभागृह चालतं कसं? आमच्याकडे महापौर नसला तरी आयुक्त गाडा ओढतो. मुंबईत मार्च 2022 ला मुदत संपली, त्यानंतर कितीतरी काळ प्रशासकच होता.

माणदेशी_मुलगी:

इथे महापौर स्वतः कारभारी असतो, आयुक्तासारखा वरून नेमलेला अधिकारी नाही. म्हणूनच खुर्चीसाठी एवढी ओढाताण. अडचण येते ती अंदाजपत्रकाला. 2024 चं अंदाजपत्रक सभागृहाने अडवलं तेव्हा कोल्बोनींनी ते विश्वासदर्शक ठरावाला जोडलं. ठराव हरले. पण कायदा असा की विरोधकांनी महिन्याभरात 21 मतांचा दुसरा महापौर उभा केला नाही तर अंदाजपत्रक मंजूर धरलं जातं. कोणी उभा राहिला नाही, अंदाजपत्रक झालं. आणि निवडणूक पुढे ढकलणं हा प्रकारच नाही. चार वर्षांनी मे महिन्याचा चौथा रविवार, ठरलेला. पुढचा 23 मे 2027.

ऋतुगंधा, तुझा तिसरा प्रश्न मी मागे ठेवला, पण तुझ्यासाठी तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. पाद्रोन म्हणजे मतदारयादी नव्हे, शहरात कोण राहतं त्याची नोंदवही. कायमचा वास्तव्य परवाना नसलेल्या, युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला दर दोन वर्षांनी ती नोंद नवी करावी लागते, नाहीतर नाव काढून टाकतात. आरोग्य कार्ड, मुलांची शाळा, पुढे नागरिकत्वासाठी वास्तव्याचा पुरावा, सगळं त्यावर. 2013 ला माझं नाव असंच गळलं होतं, पत्र जुन्या पत्त्यावर गेलं म्हणून. चार महिन्यांची ती फट भरायला मला जुन्या पगाराच्या पावत्या गोळा करत फिरावं लागलं. तू तसं होऊ देऊ नकोस.

भाडेकरार तुमच्या नावावर असेल तर घरमालकाची परवानगी लागतच नाही. करार घेऊन जा. करार नसेल तरी महापालिकेला शहरात राहणाऱ्याची नोंद नाकारता येत नाही, पक्का पत्ता नसलेल्यांचीही करतात. आणि मत नसलं तरी एक दार उघडं होतं: 2021 ला वस्त्यांमधल्या कामांसाठी 3 कोटी युरो लोकांच्या मतावर वाटले गेले, त्यात पाद्रोनवर नाव असलेला 14 वर्षांपुढचा कोणीही मत देऊ शकत होता, पासपोर्ट कुठलाही असो. मी तेव्हा भारतीयच होते. आमच्या रस्त्यावरच्या कामाला मी दिलेलं ते मत इथलं माझं पहिलं मत खरं तर. वर टेबलावरचं म्हणाले, ते दुरुस्त करते.

ऋतुगंधा:

ताई, करार दोघांच्या नावावर आहे! हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. आजच अपॉइंटमेंट घेतली, पुढच्या मंगळवारी सव्वानऊ. पासपोर्ट, परवान्याचं कार्ड आणि करार, आणखी काही?

माणदेशी_मुलगी:

कराराची सगळी पानं ने, फक्त सहीचं नको. आणि दोघांनीही जा.

ऋतुगंधा:

झालं. दहा मिनिटं लागली. खिडकीतल्या बाईंनी दाखला छापून दिला. मागच्या वेळी त्यावर मजला चुकीचा पडला होता, तोही दुरुस्त करून घेतला. नवऱ्याने त्याचा फोटो काढून तुमच्या बाबांसाठी पाठवायला सांगितलाय: खाली शिक्का आहे, सही आहे, फक्त लाख नाही.