मदत हवी आहे: रेप्लिकामुळेच मूळ डेटाबेस झोपला

नमस्कार मंडळी. पणजीत पाटोला आमचं सहा जणांचं ऑफिस, काम गेस्ट हाउसांच्या रूम बुकिंगचं. पोस्टग्रेस डेटाबेस मुंबई रिजनमध्ये (क्लाउड कंपनीची तिथली डेटा सेंटरं) आणि त्याची सतत ताजी होणारी प्रत, म्हणजे रेप्लिका, दिल्लीत, तीही दुसऱ्या क्लाउडवर. कारण साहेबांना धास्ती, एक अख्खा क्लाउडच बसला तर? मध्ये व्हीपीएन (दोन्ही जोडणारा इंटरनेटवरचा खाजगी बोगदा).

चवथीच्या आदल्या दिवशी गावी स्टुलावर चढून माटोळीला (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) सुपारीचा घड बांधत होतो, तेवढ्यात फोन: बुकिंग बंद. बंद पडली होती मुंबई, दिल्ली नव्हे! व्हीपीएनचा टनेल तीन दिवस पडलेला (दुसरा टनेल आम्ही कधी जोडलाच नव्हता) आणि अलर्ट नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या मेलवर जात होते. दिल्लीला माल पोचेना म्हणून रेप्लिकेशन स्लॉटने (रेप्लिका कुठवर पोचली याची खूण) वॉल फाइली (प्रत्येक बदलाची नोंदवही) धरून ठेवल्या, डिस्क गच्च भरली. डिस्क वाढवून, स्लॉट उडवून दोन तासांनी गाडं रुळावर आणलं. घड तसाच लोंबत राहिला, आईची बोलणी वेगळीच.

आता सीझनच्या आधी हे नीट बसवायचंय. साहेब म्हणतात, एकही बुकिंग जाता कामा नये आणि फेलओव्हर (मुंबई पडली की दिल्लीने कारभार घेणं) आपोआप झाला पाहिजे. सिंक्रोनस करू का, म्हणजे दिल्लीत पोचल्याशिवाय बुकिंग पक्कं धरायचं नाही? शिवाय दोन्हीकडच्या नेटवर्कचा आयपी पत्त्यांचा पट्टा एकच, १०.०.०.०/१६ आहे, नॅटचा (वाटेत पत्ते बदलण्याचा) जुगाड करून चालवलंय. तो राहू दिला तर चालेल?

प्रतिसाद १
आधी स्लॉटला लगाम घाला. 'मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ' ही सेटिंग पोस्टग्रेस १३ पासून आहे, पण मुळात ती उणे एक, म्हणजे अमर्याद असते. मर्यादा ओलांडली की रेप्लिका मागे पडेल, मुंबई जगेल. वॉल तिसऱ्या ठिकाणी ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (क्लाउडवरचा फाइलींचा साठा) आर्काइव्ह करत राहिलात तर रेप्लिका तिथून उचलून पुन्हा गाठेल. आणि कोणी चुकून डिलीट मारला तर रेप्लिका तोही इमानदारीत गिरवते. तेव्हा हेच आर्काइव्ह आणि बेस बॅकअप (अख्ख्या डेटाबेसची प्रत) कामी येतात.
सिंक्रोनसच्या फंदात पडू नका. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबई-दिल्ली जाऊन-येऊन १२ मिलिसेकंद तर नुसत्या अंतराचेच, आणि प्रत्येक कमिट (बदल पक्का करणं) तेवढं थांबणार. वर एकुलती एक रेप्लिका गायब झाली की कमिट लटकलेच. चवथीचाच प्रकार, फक्त तीन दिवसांऐवजी तीन सेकंदांत.

प्रतिसाद २
बाब, दुसरा क्लाउड खरंच लागतो का? ॲमेझॉनचंच घ्या, २०२२ पासून मुंबईच्या जोडीला हैदराबादही आहे. एकाच क्लाउडची दोन रिजन जोडणं निम्म्या कटकटीचं. मात्र आयपीचे पट्टे एकमेकांवर आले तर पीअरिंगही (दोन नेटवर्कांची थेट जोडणी) होत नाही. एक बाजू १०.२०.०.०/१६ करा, आत्ताच, सीझनमध्ये हात लावू नका.
ऑटो फेलओव्हर दोनच जागांवर नको. मधली वायर तुटली की दोघेही स्वतःला मालक समजतात आणि ३१ डिसेंबरची एकच खोली दोघांना विकली जाते. तिसरी साक्षीदार जागा नसेल तर माणसाने बटण दाबावं. परतीच्या वाटेला, म्हणजे जुन्या मालकाला पुन्हा रेप्लिका म्हणून जोडायला, पीजी-रिवाइंड हे टूल लागेल. त्यासाठी डेटा चेकसम किंवा वॉल लॉग हिंट्स यांपैकी एक सेटिंग आधीपासून चालू हवी.

धागाकर्ता
साहेबांना विचारलं, किती मिनिटांची बुकिंग गेली तर चालेल? बराच वेळ गप्प बसून म्हणाले, पाच. म्हणजे असिंक्रोनस (दिल्लीची वाट न पाहता), पाचच्या आत लॅगचा (दिल्ली किती मागे आहे याचा) अलर्ट आणि बटण माझ्या हातात. पट्टा या रविवारी बदलतो. अलर्ट आता दोघांच्या फोनवर. देव बरें करूं!
एकच राहिलं: फेलओव्हरचा सराव खऱ्या डेटावर करता, की वेगळी प्रत उभारून?