मदत हवी आहे : कृषिधोरणासाठी पर्यावरणाचे कोणते निर्देशक धरावेत?

ऐरोलीकर :
नमस्कार. राष्ट्रीय कृषिधोरण ठरवताना पर्यावरणीय निर्देशकांचा आधार कसा घ्यावा, यावर मला सोमवारपर्यंत टिपण द्यायचे आहे. भूजलपातळी, सेंद्रिय कर्ब, नत्राचा ताळेबंद, कीटकनाशकांचा वापर, हरितगृह वायू अशी यादी तयार आहे; परंतु या सर्वांचा मिळून एकच निर्देशांक काढावा की प्रत्येक आकडा स्वतंत्र ठेवावा, येथे मी अडकले आहे. व्याख्या नकोत, त्या वाचून झाल्या आहेत. कृपया लवकर सांगावे.

मृदगंध :
टिपण कोणासाठी आहे, त्यावरून कोणता निर्णय व्हायचा आहे आणि आकडे देशाचे हवेत की जिल्ह्याचे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. अनुदान बदलायचे असेल तर एक निर्देशक लागतो, पीकपद्धती बदलायची असेल तर दुसरा.

भातखाचर :
माझ्या मते जमीन आरोग्य पत्रिका हाच पाया धरावा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश यांसह बारा घटक तपासले जातात. मात्र मुरबाडकडील आमच्या शेतीचा अनुभवही सांगतो. नमुना घेण्याची रीत उत्तम आहे : व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, कडेची माती वीतभर खोलीपर्यंत तासायची, अनेक ठिकाणची माती एकत्र करून तिचे चार भाग पाडायचे आणि समोरासमोरचे दोन ठेवत ठेवत अर्धा किलोवर आणायची. परंतु योजनेत कोरडवाहू भागासाठी दहा हेक्टरांना एक नमुना धरला होता. आमच्याकडे तेवढ्या क्षेत्रात खालची भातखाचरे येतात आणि वरची वरकस जमीनही येते. दोन्हींना एकच आकडा लागू कसा पडेल?

विहीर_निरीक्षण :
सेंद्रिय कर्ब बदलायला वर्षानुवर्षे लागतात, तोवर धोरण थांबत नाही. भूजल घ्या. वार्षिक उपलब्ध भूजलापैकी ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर क्षेत्र सुरक्षित आणि १०० टक्क्यांपुढे गेला तर अतिशोषित, अशी स्पष्ट वर्गवारी आधीच आहे. फक्त देशाची सरासरी वापरू नका. २०२३ च्या मूल्यांकनात ती सुमारे ५९ टक्के, म्हणजे निर्धास्त वाटावी अशी होती. त्याच वेळी पंजाबचा आकडा १६० टक्क्यांच्या वर होता.

मृदगंध :
पंजाबचेच उदाहरण एकट्या भूजलावर विसंबण्याविरुद्ध जाते. २००९ च्या कायद्याने १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई केली आणि उन्हाळ्यातील उपसा कमी करण्याचा हेतू योग्यच होता. पण कापणी पुढे सरकली, गव्हाच्या पेरणीआधी हाती राहणारे दिवस घटले आणि धाटे जाळण्याचा काळ अशा हंगामात आला, जेव्हा धूर हवेत साचून राहतो. पाण्याचा आणि हवेचा आकडा शेजारीशेजारी ठेवला, तरच हे दिसते; एकत्रित निर्देशांकात एकाची सुधारणा दुसऱ्याची हानी झाकते.

गच्चीवरची_बाग :
आमच्या घोडबंदर रस्त्यावरील सोसायटीत ओल्या कचऱ्याचे खत तयार होते. ठाण्यासारख्या शहरांचे खत शेतीला पोहोचवावे, हा मुद्दा टिपणात अवश्य घ्यावा. गांडूळखताची सविस्तर कृती हवी असल्यास देते.

विहीर_निरीक्षण :
ताई, तो उपाय झाला. येथे मोजमापाचा प्रश्न आहे.

ऐरोलीकर :
सर्वांचे आभार. टिपण आमच्या वाशीच्या अभ्यासगटासाठी आहे. प्रश्न युरियाच्या अनुदानाचा आहे आणि आकडे राज्यवार हवेत.

मृदगंध :
हे पहिल्याच संदेशात हवे होते. मग नत्राचा ताळेबंद मध्यभागी ठेवा : खत, शेणखत, कडधान्यांनी बांधलेला नत्र आणि हवेतून येणारा नत्र यांच्या बेरजेतून पिकाने उचललेला वजा करून प्रतिहेक्टरी शिल्लक काढायची. शिल्लक फार असेल तर नायट्रेट विहिरीत उतरते. उणे असेल तर जमिनीची झीज होते. म्हणून "कमी तितके चांगले" असा निकष येथे चालत नाही. २०१० मध्ये पोषणद्रव्याधारित अनुदान आले, तेव्हा युरिया त्याबाहेर राहिला आणि त्याची किंमत सरकारच ठरवत राहिले. पत्रिका काहीही सांगो, स्वस्त गोणीकडेच हात जातो. नेदरलँड्सने १९९८ पासून शेतनिहाय हिशेब ठेवून मर्यादेबाहेरील शिलकीवर आकारणी केली होती. युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये ती पद्धत नायट्रेटविषयक नियमांना अपुरी ठरवली आणि पुढे ती बंद झाली, हेही नोंदवा.

भातखाचर :
ताळेबंद कागदावर ठीक आहे, पण शेणखताची नोंद आमच्याकडे कोणीही ठेवत नाही. युरियाची विक्री दुकानातील पॉस यंत्रावर नोंदली जाते. ती गोणी कोणत्या शेतात रिकामी झाली, हे त्यात येत नाही. शिवाय कोकणच्या पावसात नत्र किती वाहून जाते, याचा विचार न करता विदर्भाशी सरासरी काढली, तर आमच्यावर अन्याय होईल.

ऐरोलीकर :
तर निर्देशक स्वतंत्र ठेवते आणि राज्यवार तक्त्याखाली कोकण व विदर्भ वेगळे दाखवते. भातखाचर, आपल्या पत्रिकेतील नत्राचे आणि सेंद्रिय कर्बाचे आकडे उद्यापर्यंत येथे देऊ शकाल का? नमुना खाचरातला होता की वरकसातला, तेही लिहावे.