मदत हवी आहे: तुरुंगातून सुटलेल्या मामेभावासाठी सुतारकाम

नमस्कार मंडळी. माझा मामेभाऊ येरवड्यात सात वर्षं शिक्षा भोगून दिवाळीत सुटला. तिथल्या सुतारकाम विभागात तो शिकला आणि हात खरंच छान बसलाय. रंधा मारून झाला की फळीवरून अंगठा फिरवतो, जराही खरखर लागली तर पुन्हा मारतो. पण अजून कुठल्याही दारात ‘आत ये’ म्हटल्याशिवाय पाऊल टाकत नाही. बघवत नाही हो.

चाकणच्या एका कारखान्यात दोन महिने राबला. पोलीस पडताळणीचा कागद आला आणि दुसऱ्या दिवशी ‘उद्यापासून येऊ नको’. कामाबद्दल एक तक्रार नव्हती.

पुणे-पिंपरीत सगळं माहीत असूनही काम देईल असा फर्निचरवाला कुणाच्या ओळखीत आहे का? आणि मालकाला आधीच सांगावं की काम दाखवल्यावर? माझं मत आधीच सांगावं, तो मात्र घाबरतो. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प सुटलेल्यांसाठी 1990 पासून काम करतो, तसं पुण्यात कोण करतं? स्वतःची हत्यारं घ्यायला कर्ज मिळालेलं कुणी असेल तर प्लीज सविस्तर लिहा.