असईची लढाई फलकावर नाही, नदीकाठी सांगा

इतिहास मंडळांच्या व्याख्यानांत तारखा आणि सेनापतींचीच नावं असतात, म्हणून तरुण येत नाहीत, असं मत इथल्या चर्चेत कुणीतरी मांडलंय, ते मला पटतं. पण उपाय म्हणून सभागृहात चित्रफिती दाखवायची जी सूचना त्याच चर्चेत आली, ती पटत नाही. आपल्या जालना जिल्ह्यातच असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला इथे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची गाठ शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या मराठा फौजेशी पडली. वाटाडे म्हणत होते, केळणा नदी ओलांडायला उतारच नाही, म्हणजे चालत पार होता येईल अशी उथळ जागाच नाही. वेलस्लीला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. येणं-जाणं असणारच, म्हणजे उतारही असणारच, हे त्याने ओळखलं आणि तिथूनच फौज पार नेली. काठावर उभं राहून हे सांगितलं की शाळकरी पोरंसुद्धा तो उतार शोधायला लागतात, हे मी पाहिलंय.

आणि तोफा डागणाऱ्या मराठा गोलंदाजांचं जरूर सांगा. इंग्रज पायदळ तोफांवर चालून आलं तरी ते हटले नाहीत, तोफांपाशीच कापले गेले. काही जण मेल्यासारखे पडून राहिले, फौज पुढे सरकताच उठले आणि त्याच तोफा तिच्या पाठीवर डागल्या. त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत, म्हणून तर मंडळांनी त्यांच्यापासून सुरुवात करावी.